शोरूममध्ये नव्या गाडीचा भाव कसा करावा?

तुमचा प्रश्न असा आहे: पुण्यात दसऱ्याला साधारण ९ लाख एक्स-शोरूमची (म्हणजे आरटीओ आणि इन्शुरन्स धरण्याआधीच्या किमतीची) पेट्रोल गाडी घ्यायची आहे. शोरूमवाले १० हजारांच्या वर सूट द्यायला तयार नाहीत, इन्शुरन्स आमच्याकडूनच घ्यावा लागेल म्हणतात आणि जुनी गाडीही आम्हालाच द्या म्हणून मागे लागलेत. अशा वेळी भाव कसा करायचा?

मी काही वर्षं एका डीलरकडे बिलिंगला होते. ते काम सोडलं, पण घरात किंवा ओळखीत कुणी गाडी घ्यायला निघालं की कोटेशनचा फोटो अजूनही माझ्याकडे येतो. त्या अनुभवावरून सांगते, "अजून किती कमी कराल?" हे विचारणं आधी बंद करा. त्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक शोरूममध्ये तयार असतं: १० हजार, फारच ताणलं तर १५, वर मॅट आणि मडफ्लॅप. आणि ते १० हजार बहुतेक वेळा त्याच कागदावर खाली कुठेतरी भरून निघालेले असतात, इन्शुरन्समध्ये, हँडलिंगमध्ये नाहीतर अ‍ॅक्सेसरीजमध्ये. भाव करायचा तो शेवटच्या एका आकड्याचा. गाडी नंबरसकट दारात येईपर्यंत माझ्या खात्यातून एकूण किती जाणार? आणि तो आकडा ज्या ओळींचा बनतो, त्यातली प्रत्येक ओळ सुटी करून मागायची.

म्हणून पहिलं काम म्हणजे लेखी कोटेशन. व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेनने लिहिलेला ऑन-रोडचा, म्हणजे सगळं धरून, एकच आकडा घेऊन घरी येऊ नका. एक्स-शोरूम, आरटीओ, इन्शुरन्स, फास्टॅग, अ‍ॅक्सेसरीज, एक्सटेंडेड वॉरंटी आणि "इतर", सगळं वेगवेगळं लिहिलेलं हवं. व्हॉट्सअ‍ॅपवर मागितलं तरी देतात. त्याच कंपनीच्या निदान तीन डीलरांकडून घ्या, पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये ते सहज जमतं. एक मात्र बघा, दोन शोरूम एकाच मालकाच्या असतात बऱ्याचदा. नावाखालचं ग्रुपचं नाव वाचा, नाहीतर तुम्ही एकाच माणसाकडून दोनदा भाव घेऊन याल.

एक्स-शोरूम किंमत कंपनीच्या वेबसाइटवर शहर निवडून ताडून बघा. ती कंपनी ठरवते, त्यामुळे सेल्समन "ती फिक्स आहे" म्हणतो ते खरंच आहे. सूट त्या किमतीतून वजा होते, किंमत बदलत नाही. इथे एक सावधगिरी. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेसवरून १८ टक्क्यांवर आला (चार मीटरच्या आतल्या, पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंतच्या) आणि किमती उतरल्या. अजूनही कुणी जुनी किंमत दाखवून "बघा, केवढा फायदा" म्हणत असेल, तर तो फायदा सरकारने दिलेला आहे. डीलरची सूट त्याच्यापुढे सुरू होते.

आरटीओच्या ओळीत तुम्हाला स्वतः गुणाकार करता यायला हवा. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के आणि त्यावर १३ टक्के कर आहे, डिझेलला प्रत्येक टप्प्यात दोन टक्के जास्त. म्हणजे ९ लाखांच्या गाडीला ९९,००० रुपये. त्यावर उपकर, नोंदणी शुल्क ६०० आणि कर्ज असेल तर बँकेचा बोजा चढवण्याचे १,५०० धरले, तरी आकडा लाखाच्या थोडाच पुढे जातो. कोटेशनमध्ये १ लाख १५ हजार दिसले तर वरचे कशाचे ते विचारा आणि पासिंग झाल्यावर आरटीओची पावती मिळेल ना, हे तेव्हाच पक्कं करा. "पावतीप्रमाणे जे होईल ते" एवढं कोटेशनवर लिहून घेतलं, की ही ओळ आपोआप सरळ होते. नंबरप्लेटचे वेगळे पैसे लावले असतील तर तेही काढायला सांगा. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट गाडीबरोबरच येते.

इथेच दुसरा मुद्दा सांगते, कारण तुमचं बजेट १० लाखांच्या कडेला आहे. तुम्हाला वरचं व्हेरिएंट सुचवतीलच. "सर, फक्त १५ हजारांचा फरक आहे, सनरूफ मिळतोय." समजा ९ लाख ९५ हजारांवरून तुम्ही १० लाख १० हजारांवर गेलात. कराचा दर पूर्ण किमतीवर बदलतो, त्यामुळे १,०९,४५० ऐवजी १,२१,२०० भरावे लागतात. शिवाय १० लाखांच्या वर एक टक्का टीसीएस (डीलरने विक्रीवेळीच तुमच्याकडून घेऊन सरकारला भरायचा आयकर), म्हणजे आणखी दहा हजार. टीसीएस आयकर विवरणपत्रात वळता होतो, पण आज खिशातून जातोच. १५ हजारांचा फरक त्या दिवशी ३६ हजारांच्या पुढे गेलेला असतो. सनरूफ हवाच असेल तर जरूर घ्या, फक्त हा हिशोब करून घ्या.

हँडलिंग, लॉजिस्टिक, डेपो चार्ज, "फाइल चार्ज" अशा नावाने पाच ते पंधरा हजार लावलेले दिसतील. या नावाचा कुठलाही सरकारी कर नाही. गाडी यार्डातून शोरूमला आणणं हा डीलरच्या धंद्याचा खर्च आहे. आवाज न चढवता "ही ओळ काढा, मग पुढे बोलू" एवढं म्हणा. ज्याला गाडी विकायची असते तो काढतो.

आता इन्शुरन्स. डीलरचा सगळ्यात मोठा नफा इथे असतो, आणि ग्राहक सगळ्यात कमी प्रश्न इथेच विचारतो. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा) विमा सक्तीचा आहे. त्याचा दर ठरलेला असतो, सगळ्या कंपन्यांचा सारखा. २०२२ च्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या गाडीला तो १०,६४० रुपये होता. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, म्हणजे ओन डॅमेज, आणि झिरो डेप (क्लेममध्ये घसारा कापला जात नाही), इंजिन प्रोटेक्ट (इंजिनाच्या नुकसानीचा विमा), रिटर्न टू इन्व्हॉइस (गाडी पूर्ण गेली तर बिलाची रक्कम मिळते) ही जादा अ‍ॅड-ऑन्स मात्र कंपनीप्रमाणे बदलतात. फरक पडतो तो याच भागात, आणि विमा कुठून घ्यायचा हे ठरवण्याचा अधिकार पूर्णपणे तुमचा आहे.

माझ्या मावसभावाच्या गाडीच्या वेळी मी त्याच्याबरोबर गेले होते. कोटेशनमध्ये इन्शुरन्स ५१ हजारांचा होता. मी प्रीमियमचं ब्रेकअप मागितलं. किल्ली हरवण्याचा विमा, टायरचा विमा, गाडीतल्या सामानाचा विमा, न विचारता सगळं घातलेलं, आणि ओन डॅमेजवर एक रुपयाची सवलत नाही. आम्ही तितक्याच आयडीव्हीचं (गाडी पूर्ण गेली तर विम्यातून जास्तीत जास्त मिळणारी रक्कम), झिरो डेप आणि इंजिन प्रोटेक्ट धरून बाहेरचं कोटेशन आधीच काढून ठेवलं होतं, ३६ हजारांचं. ते टेबलावर ठेवल्यावर मॅनेजर म्हणाले, "ताई, आमच्या सिस्टीममध्ये इन्शुरन्सशिवाय बिलच होत नाही." मी म्हटलं, "मग तेवढं आम्हाला मेलवर लिहून द्या." ते आत गेले. चहा आला. परत आले ते ३८ हजारांचा आकडा घेऊन, हव्या त्या दोन अ‍ॅड-ऑन्ससह. दोन हजारांसाठी आम्ही ताणलं नाही, कारण त्याच वर्कशॉपमध्ये क्लेम करायला ते सोयीचं होतं. तेरा हजार रुपये त्या एका कागदावर सुटले, आणि "डिस्काउंट" हा शब्द कुणी उच्चारलाही नाही.

तुम्ही तुलना करताना आयडीव्ही सारखी आहे ना ते बघा. नव्या गाडीची ती एक्स-शोरूमच्या पाच टक्के खाली धरतात, म्हणजे ९ लाखांच्या गाडीला ८ लाख ५५ हजार. ती कमी दाखवून हप्ता स्वस्त केलेलं कोटेशन कामाचं नाही. आणि बाहेरून घेणार असाल, तर त्या विमा कंपनीची कॅशलेस सोय तुमच्या सर्व्हिस सेंटरला आहे का, हे आधी फोन करून विचारा.

हे सगळं स्वच्छ झालं की मग सूट. तीसुद्धा एक नसते. कंपनीची रोख सूट, एक्स्चेंज बोनस, कॉर्पोरेट (नोकरीच्या ठिकाणामुळे मिळणारी), लॉयल्टी (आधीची गाडी त्याच कंपनीची असल्याची), स्क्रॅपेज (जुनी गाडी भंगारात काढल्याची), असे वेगवेगळे कप्पे असतात, आणि त्यावर डीलर स्वतःच्या मार्जिनमधून देतो ते वेगळं. कॉर्पोरेटबद्दल सेल्समन आपण होऊन फार सांगत नाही. तुम्ही, तुमची बायको किंवा वडील सरकारी नोकरीत, बँकेत, शाळेत किंवा मोठ्या कंपनीत असाल, तर ओळखपत्र दाखवून यादीत नाव आहे का ते विचारा. "या महिन्याची कंपनीची स्कीम शीट दाखवा" असं सरळ म्हणा. शीट दाखवली नाही तरी समोरचा माणूस नीट बोलायला लागतो. अ‍ॅक्सेसरीजच्या रूपात सूट घेऊ नका. २० हजारांच्या छापील किमतीचं किट डीलरला त्याहून बरंच स्वस्त पडतं. सीट कव्हर, मॅट बाहेर स्वस्त मिळतात, आणि टेफ्लॉन कोटिंग तर नव्या गाडीला लगेच करण्याची गरजच नसते.

जुनी गाडी आणि नवी गाडी हे दोन वेगळे सौदे ठेवा. नव्या गाडीचा आकडा ठरेपर्यंत जुनीचा विषय काढू नका. नाहीतर जुनीला ३० हजार कमी धरून नवीवर २० हजारांचा एक्स्चेंज बोनस दिला जातो आणि आपण खूश होऊन घरी येतो. जुन्या गाड्या घेणाऱ्या दोन-तीन ठिकाणी आधी किंमत काढा, मग शोरूमचा भाव अधिक बोनस एकीकडे आणि बाहेरचा भाव दुसरीकडे मांडा.

कर्ज घेणार असाल तर आधी स्वतःच्या बँकेतून मंजुरी पत्र आणा. शोरूममधल्या फायनान्सच्या टेबलालाही बँकेकडून कमिशन असतं. "फक्त सात टक्के" म्हटलं तर फ्लॅट (शेवटपर्यंत पूर्ण कर्जावर व्याज) की रिड्युसिंग (फक्त उरलेल्या कर्जावर व्याज), ते विचारा. ५ लाखांना पाच वर्षं सात टक्के फ्लॅट म्हणजे ११,२५० चा हप्ता, आणि रिड्युसिंगच्या भाषेत तो साधारण साडेबारा टक्के होतो.

वेळेचं म्हणाल, तर महिन्याचे शेवटचे चार दिवस खरोखर वेगळे असतात. कंपनीने दिलेलं टार्गेट गाठायला एक-दोन गाड्या कमी पडत असतील, तर मॅनेजर स्वतःच्या मार्जिनमधून सोडतो. डिसेंबरमध्ये वर्ष बदलण्याआधी स्टॉक काढायचा असतो. गाडी दहा वर्षं वापरणार असाल तर तेव्हाची सूट घ्यायला हरकत नाही, तीन वर्षांत विकणार असाल तर जुनं उत्पादन वर्ष विकताना अंगावर येतं. पण ज्या मॉडेलला वेटिंग आहे त्यावर यातलं फारसं चालत नाही. तिथे इन्शुरन्स आणि हँडलिंग सोडवून घ्या आणि तेवढ्यावर समाधान माना.

तुमचा दसरा राहिला. पितृपक्षात आपल्याकडे गाडी कुणी घेत नाही, शोरूम ओस पडलेल्या असतात. बोलणी करायची ती तेव्हाच. घरी चालत नसेल तर पैसे देऊ नका, पण सगळा आकडा त्या पंधरवड्यात लेखी ठरवा आणि टोकन घटस्थापनेला द्या. दसऱ्याच्या चार दिवस आधी गेलात, तर रांगेतल्या माणसाला कुणी भाव देत नाही. बुकिंगच्या पावतीवर रंग, व्हेरिएंट, ठरलेली एकूण रक्कम आणि बुकिंग रद्द केल्यास किती परत, हे सगळं हवं.

सेल्समनशी मात्र गोडीने बोला. सूट द्यायचा अधिकार त्याच्या हातात नसतो, उन्हातान्हात टेस्ट ड्राइव्ह देत फिरणारा तो पगारी मुलगा असतो. "मी आज बुक करायला तयार आहे, हा आकडा असेल तर" असं म्हणून मॅनेजरला बोलवायला सांगा. तो तुमच्यासाठी आत जाऊन भांडतो, हे मी टेबलाच्या पलीकडून पाहिलं आहे.

शेवटचं पेमेंट आणि पासिंग होण्याआधी गाडी यार्डात जाऊन दिवसाउजेडी बघा. नंबर पडल्यावर गाडी बदलून मिळणं जवळजवळ अशक्य असतं. चासी नंबर बिलाशी जुळवा, उत्पादनाचा महिना बघा, टायरवरचे चार आकडे वाचा (पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष), किती किलोमीटर पळाली ते बघा, दारांच्या कडांना रंगात फरक दिसतो का ते बघा. दसऱ्याच्या दिवशी एकेका शोरूममधून गाड्यांची रांग लागते, तेव्हा हे बघायला कुणाला वेळ नसतो. दुसरी किल्ली, टूलकिट, ठरलेल्या अ‍ॅक्सेसरीज यातलं काही तेव्हा राहिलं असेल, तर सही करण्याआधी डिलिव्हरी नोटवर तारखेसकट लिहून घ्या.