वन रूम किचनमध्ये आठ जणांची मिसळ

आठ जण येणार आणि ओटा जेमतेम दोन हात, म्हणून घाबरू नकोस. पोळ्या, दोन भाज्या, कोशिंबीर असा बेत मात्र नको. सगळा वेळ तव्यासमोर जाईल आणि गप्पा बाहेर रंगतील. सरळ मिसळ कर.

अर्धा किलो मटकी दोन दिवस आधी सकाळी भिजव, रात्री फडक्यात घट्ट बांध, म्हणजे मोड येतील. कांदा-सुक्या खोबऱ्याचं वाटणही आदल्या रात्रीच भाजून ठेव, छोट्या घरात तो धूर तासभर कोंडून राहतो. खरं लक्ष कटाकडे दे. तेल तापलं की गॅस बंद कर, अर्धा मिनिट थांब, मग तिखट घाल. कडकडीत तेलात ते काळं पडतं आणि कट कडू होतो. लगेच वाटण घालून गॅस लाव, नीट परत आणि उकळतं पाणी ओत. मंद आचेवर वीसेक मिनिटं, कडेला लाल तेल सुटेपर्यंत.

मोडाची मटकी वेगळी शिजवून घे. मटकी, कट, फरसाण, कांदा, लिंबू, पाव सतरंजीवर मधोमध मांड, ज्याचं त्याला वाढून घेऊ दे. आणि कट अंदाजापेक्षा दीडपट कर. दुसऱ्यांदा सगळेच मागतात, तेव्हा पातेल्याचा तळ दिसला की मला फार वाईट वाटतं.