‘हमनाम’ला मराठीत काय म्हणायचं?

इंदूरहून, शाळेच्या हस्तलिखितासाठी लेख लिहिणाऱ्या एका मुलीनं विचारलंय: ‘होळकरांचे दोन्ही यशवंतराव हमनाम होते’ या वाक्यात हमनामऐवजी, म्हणजे एकाच नावाचे या अर्थी, मराठी शब्द कोणता घालू? ‘नामसाधर्म्य’ चालेल का?

तसाच्या तसा चालणार नाही. नामसाधर्म्य हे भाववाचक नाम आहे. ते दोन माणसांमध्ये असतं, माणूस स्वतः नामसाधर्म्य नसतो. ‘दोघांत नामसाधर्म्य आहे’ बरोबर, ‘ते माझे नामसाधर्म्य आहेत’ चूक. माणसासाठी ‘नामबंधू’, बाईसाठी ‘नामभगिनी’ हे शब्द आहेत. मला ते फार आवडतात, कारण नुसत्या नावावरून नातं जोडण्याची आपली रीत त्यांत आहे.

हमनाम फारसीतून आला असला तरी परका वाटू देऊ नकोस. संस्कृतातला ‘स’ फारसीत पुष्कळदा ‘ह’ होऊन भेटतो: सप्त–हफ्त, सम–हम. ‘नाम’ तर दोन्हीकडे नामच. म्हणजे हमनाम आणि समनाम ही सख्खी भावंडं.

पण बोलताना आपण यातलं फारसं काही वापरत नाही. आपल्याला दोघं सारखे आहेत हे सांगण्यापेक्षा कोणता कोण हे सांगायची घाई असते. गल्लीत दोन जोशी असले की एक ‘बँकेतले’ आणि दुसरे ‘पेटीवाले’ होतात. पेशव्यांत थोरले माधवराव आणि सवाई माधवराव. घरात आजोबांचं नाव नातवाला ठेवलं की खरी पंचाईत सुनेची. सासऱ्यांचं नाव घेऊन पोराला ‘ऊठ रे, दूध सांडलंस!’ म्हणायचं कसं? मग पाळण्यात दत्तात्रेय आणि घरात बापू. आमच्याकडे असा एक बापू आहे, त्याचं खरं नाव मला त्याच्या मुंजीच्या पत्रिकेवरून कळलं.

होळकरांकडे तर तीच नावं फिरून फिरून येतात. मल्हारराव, तुकोजीराव, यशवंतराव. इंदुरातलं तुकोगंज म्हटलं की कोणते तुकोजीराव, हे विचारावंच लागतं. तुझ्या दोन यशवंतरावांत तर शतकाहून जास्त अंतर आहे. पहिल्यांनी 1802 साली हडपसरला शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला, पुढे इंग्रजांशी झुंजले आणि 1811 साली भानपुऱ्याला वारले. दुसरे 1926 साली गादीवर आले, माणिकबाग राजवाडा बांधणारे ते हेच. अख्खं इंदूर ज्याला ‘एमवाय’ (महाराजा यशवंतराव) म्हणतं, त्या इस्पितळाला नाव यांचं. नुसतं ‘यशवंतराव’ लिहिलंस तर वाचणारा इस्पितळातून थेट रणांगणात जाऊन पोचेल.

तेव्हा एकदा ‘दोघांत नामसाधर्म्य आहे’ असं लिही, आणि पुढे प्रत्येक वेळी ‘पहिले यशवंतराव’, ‘दुसरे यशवंतराव’. हमनाम मात्र घरी बोलताना खुशाल ठेव, इंदुरी मराठीत तो छान मुरलेला आहे.