अमेरिकेतल्या मोकाट डुकरांमुळे पिकं सोडून आणखी काय बिघडतं?

पिकांची नासाडी डोळ्यांना दिसते म्हणून तिची चर्चा होते. मी पशुवैद्यक, त्यामुळे माझं लक्ष आधी पाण्याकडे जातं.

डुकराला घाम जवळजवळ येतच नाही. अंग गार ठेवायला त्याला चिखल लागतो आणि चिखल असतो ओढ्याकाठी. अख्खा कळप तिथेच लोळतो, तिथेच घाण करतो. काठ ढासळतात, पाणी गढुळतं, विष्ठेतले जंतू वाहत खाली जातात. २००६ साली अमेरिकेत कच्च्या पालकातून ई. कोलायची साथ पसरली, सुमारे २०० लोक आजारी पडले, काही दगावलेही. माग काढत तपास कॅलिफोर्नियातल्या शेतांपाशी पोचला. तिथे साथीचाच जंतू नदीच्या पाण्यात, गुरांच्या शेणात आणि रानटी डुकरांच्या विष्ठेत सापडला. पालकापर्यंत तो नेमका कसा गेला हे सिद्ध झालं नाही, त्यामुळे सगळं खापर डुकरांवर फोडू नका.

ब्रुसेलोसिस या जनावरांकडून माणसाला होणाऱ्या आजाराचा धोका मुख्यतः शिकाऱ्यांना. उघड्या हातांनी डुक्कर सोलताना जंतू जखमेतून शिरतो. मग ताप येतो-जातो, सांधे धरतात, आणि डॉक्टरला शिकारीबद्दल सांगायचं कुणाला सुचत नाही. लेप्टो आहेच; कच्चट मांसातून ट्रायकिनेला जंतही होतात. आफ्रिकन स्वाइन फीवर मात्र माणसाला होत नाही, त्याची भीती डुक्करपालकांनी बाळगावी.

सर्वांत विलक्षण उदाहरण हवाईचं. तिथली डुकरं झाडाएवढ्या नेच्यांची खोडं फोडून आतला गर खातात. पोकळ खोडात पावसाचं पाणी साचतं, त्यात डास वाढतात, आणि ते डास पक्ष्यांचा मलेरिया पसरवतात. तिथल्या मूळच्या हनीक्रीपर पक्ष्यांना त्याची प्रतिकारशक्ती फारशी नाही, ते पटापट मरतात. डुक्कर पक्ष्याच्या वाटेलाही गेलेलं नसतं!

उकरलेल्या जमिनीतून कार्बनही सुटतो. २०२१ च्या एका अभ्यासात जगभरासाठी हा अंदाज वर्षाला ४९ लाख टन कार्बन डायऑक्साइड, म्हणजे साधारण ११ लाख मोटारींच्या धुराइतका आला.

‘मग गोळ्या घालून संपवत का नाहीत?’ असंही तुम्ही विचारलंय. दोन-चार पडली की उरलेली पांगतात, शहाणी होतात, रात्रीची फिरू लागतात. मादी वर्षाच्या आतच विण्याजोगी होते आणि एका वेतात चार-सहा पिल्लं देते. म्हणून तिथले जाणकार आधी आमिष टाकून अख्ख्या कळपाला पिंजऱ्याची सवय लावतात आणि शेवटचं डुक्कर आत आल्यावरच दार पाडतात.