प्रबंधाचं दुसरं प्रकरण रिव्ह्यू आर्टिकल म्हणून जर्नलला पाठवता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोबाल्ट फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या नॅनोकणांवरची पीएचडी संपत आली आहे, प्रबंधातलं ‘साहित्याचा आढावा’ हे प्रकरण चाळीस पानांचं झालंय आणि गाइड म्हणताहेत की तेच जरा नीटनेटकं करून भौतिकशास्त्राच्या एखाद्या जर्नलला रिव्ह्यू (विषयातल्या आजवरच्या कामाचा आढावा घेणारा लेख) म्हणून पाठवा. हे चालेल का, पाठवायचं कुठे आणि पैसे किती लागतात?

आहे तसं पाठवलंत तर परत येईल. मी परभणीत कॉलेजवर शिकवतो, माझाही विषय फेराइटच, आणि पीएचडी झाल्यावर मी नेमकं हेच केलं होतं. चौथ्या दिवशी मेल आला. लेख रेफरींपर्यंत, म्हणजे तो तपासणाऱ्या तज्ज्ञांपर्यंत, गेलाच नाही. एडिटरने दोनच वाक्यं लिहिली होती: कोणी काय केलं ते या लेखात आहे, त्यातून काय कळलं ते नाही. तेव्हा ती वाक्यं फार लागली. आता विद्यार्थ्यांशी रिव्ह्यूबद्दल बोलताना मी तिथूनच सुरुवात करतो.

प्रबंधातलं प्रकरण परीक्षकासाठी असतं. ‘अमुक आणि सहकाऱ्यांनी सोल-जेल पद्धतीने नमुने केले, तमुकांनी सहअवक्षेपणाने केले’ असं एकाखाली एक लिहीत गेलं तरी तिथे भागतं, कारण तुम्ही वाचलंय एवढंच त्यात दाखवायचं असतं. रिव्ह्यूच्या वाचकाला तुमच्या वाचनाशी देणंघेणं नसतं. त्याच्यासमोर दीडशे पेपर पडलेले असतात, त्यांतले आकडे एकमेकांशी जुळत नसतात आणि कशावर विश्वास ठेवायचा ते त्याला हवं असतं. तो निवाडा तुम्ही करायचा.

निवाडा म्हणजे काय, हे माझ्याच वहीतल्या एका तक्त्यावरून सांगतो. लेख परत आल्यावर मी आडव्या लांब वहीत सत्तेचाळीस पेपर मांडले. पद्धत, तापवण्याचं तापमान, कणाचा आकार, संतृप्त चुंबकन (चुंबकीय क्षेत्र आणखी वाढवलं तरी ज्याच्या वर जात नाही ते चुंबकन). कोबाल्ट फेराइटचं संतृप्त चुंबकन मोठ्या तुकड्यात, खोलीच्या तापमानाला, ग्रॅममागे सुमारे ८० ईएमयू (चुंबकत्व मोजायचं एकक) असतं. माझ्या तक्त्यात ते ३० पासून ७५ पर्यंत कुठेही होतं. प्रत्येक पेपरात कमी आकड्याचं कारण एकच दिलेलं: कण लहान, पृष्ठभागावरचे स्पिन (अणूंचे चिमुकले चुंबक) विस्कटलेले. मीही तेच उतरवून घेतलं होतं. वही माझ्या गाइड सरांना दाखवली. त्यांनी बोट त्या रकान्यावरून वरून खाली फिरवलं आणि विचारलं, “हे सगळे कितीच्या फील्डला मोजलेत बघितलास का?”

बघितलं नव्हतं. परत सगळे पेपर काढले आणि ‘कमाल फील्ड’, म्हणजे मोजताना लावलेलं जास्तीत जास्त चुंबकीय क्षेत्र, असा एक रकाना वाढवला. बहुतेकांचं मोजमाप १ ते दीड टेस्लापर्यंतच (टेस्ला हे फील्डचं एकक) थांबलेलं होतं. मोजक्याच जणांनी ५ टेस्ला किंवा त्याच्या वर नेलं होतं. कोबाल्ट फेराइटची चुंबकीय विषमदैशिकता मोठी असते, म्हणजे त्यातलं चुंबकन ठरावीक दिशा धरून बसतं आणि सहज वळत नाही, दीड टेस्लाला तो पुरता संतृप्त होत नाही, लूपचं (फील्ड-चुंबकन आलेखाचं) टोक तिथे अजून वर चढत असतं. म्हणजे त्यांतले कित्येक आकडे संतृप्त चुंबकनाचे नव्हतेच, यंत्र जिथे थांबलं तिथले होते. पृष्ठभागाचा परिणाम खोटा नाही, तो असतोच, पण त्याच्या नावावर दुसरीच तूट खपवली जात होती.

मग आकाराचा रकाना तपासला. बऱ्याच ठिकाणी एक्स-रे आलेखातल्या ३५.५ अंशांजवळच्या मुख्य शिखराची रुंदी घेऊन शेररच्या, म्हणजे रुंदीवरून आकार काढायच्या, सूत्रात टाकलेली. यंत्रामुळे येणारी रुंदी वजा केली की नाही याचा उल्लेख नाही. ती वजा केली नाही तर आकार लहान दिसतो. शिवाय त्या सूत्राने स्फटिकाचा आकार मिळतो, अख्ख्या कणाचा नाही. मग शेररने काढलेले १८ नॅनोमीटर आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिलेले १८ नॅनोमीटर एका रकान्यात कसे बसवायचे? मी ते वेगळे केले. तक्ता लहान झाला आणि लेखाला पहिल्यांदा स्वतःचं म्हणणं मिळालं.

तुमच्या चाळीस पानांत असा रकाना शोधा. सगळ्यांनी गृहीत धरलेलं पण कुणी न तपासलेलं काहीतरी असतं. ते सापडलं तर तुमच्याकडे रिव्ह्यू आहे. नाही सापडलं तर अजून वाचायचं बाकी आहे. ते प्रकरण प्रबंधात राहू द्या, तिथे त्याचं काम ते चोख करेल.

मी याबद्दल एवढं अडून का बोलतो, तर आपल्या भागामुळे. मोठ्या संस्थेत शंका आली की शेजारच्या खोलीत जाऊन विचारता येतं, दर आठवड्याला कुणाचं तरी व्याख्यान असतं. आपल्याकडे कॉलेजात त्या विषयाचा माणूस एकटाच असतो. वसमतच्या एका विद्यार्थ्याने मला गुरुत्वीय लहरींबद्दल काय वाचू म्हणून विचारलं होतं. औंढा नागनाथजवळ या लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहणार, एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटींची मंजुरी मिळाली, म्हणून त्याच्या घरात त्याच गप्पा. पहिल्या शोधाचा २०१६ चा पेपर त्याने उतरवला होता, हजारावर लेखकांची नावं आणि पुढचं काही कळेना. त्याला मी ‘लिव्हिंग रिव्ह्यूज इन रिलेटिव्हिटी’ हे रिव्ह्यू जर्नल दाखवलं. १९९८ पासून निघतं, कुणालाही फुकट वाचता येतं आणि नवीन काम झालं की लेखक आपलाच लेख सुधारून पुन्हा देतात. दोन महिन्यांनी तो डिटेक्टरमधल्या नॉइजबद्दल मला विचारायला आला. रिव्ह्यू लिहिताना मी तो पोरगा डोळ्यांसमोर ठेवतो. त्याला विचारायला कुणी नाही, त्याच्यासाठी लिहायचंय.

आता पाठवण्याचं. वरच्या दर्जाची रिव्ह्यू जर्नल्स बहुतांशी निमंत्रणावर चालतात. ‘रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्स’ १९२९ पासून निघतं. आपल्या खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांचा यादृच्छिक प्रक्रियांवरचा ८९ पानांचा लेख १९४३ साली त्यातच आला आणि आजही लोक तो काढून वाचतात. तिथे किंवा ‘जर्नल ऑफ फिजिक्स’ मालिकेतल्या टॉपिकल रिव्ह्यूंसाठी पूर्ण लेख लिहून थेट अपलोड करायचा नसतो. आधी प्रस्ताव पाठवायचा. त्यात विषय काय, आत्ताच का, याआधीचे रिव्ह्यू कोणते आणि त्यांत काय राहिलं, प्रकरणांचा आराखडा, मुख्य संदर्भ आणि तुमचं स्वतःचं त्या विषयातलं काम हे सगळं दोन पानांत. ‘आधीच्या रिव्ह्यूंत काय राहिलं’ हा परिच्छेद सगळ्यांत जपून लिहा, एडिटर आधी तोच वाचतो. प्रस्तावाला नकार आला तर दोन पानं वाया जातात, सहा महिने जात नाहीत.

पहिलाच रिव्ह्यू असेल तर माझा कल आपल्या जर्नलांकडे आहे. इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसचं ‘बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स’ रिव्ह्यू छापतं आणि फेराइट त्याच्या कक्षेत अगदी बसतं. बंगळुरूचं ‘करंट सायन्स’ १९३२ पासूनचं, तिथेही रिव्ह्यू आर्टिकलचा वेगळा विभाग आहे, पण वाचकवर्ग सगळ्या विज्ञानांचा, म्हणून भाषा सैल करावी लागते. दोन्हीकडे प्रस्तावाचा छोटा मेल आधी टाकायला काहीच हरकत नाही.

पैशांचं एका वाक्यात सांगतो: वर्गणीवर चालणाऱ्या चांगल्या जर्नलला छापण्याचे पैसे द्यावे लागत नाहीत, लेख सगळ्यांना खुला ठेवायचा असेल तरच मोठी फी पडते आणि ती आपल्या खिशाला झेपणारी नसते. ‘सात दिवसांत प्रकाशन, यूजीसी केअर मान्यताप्राप्त’ असे मेल तुम्हालाही येत असतील. यूजीसीने केअर ही मान्य जर्नलांची यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंदच केली आहे. त्या नावावर कुणी पैसे मागत असेल तर उत्तरही देऊ नका.

पेपर मिळवणं ही आपल्याकडची खरी अडचण. मी सुट्टीच्या दिवशी परभणीहून मराठवाडा एक्सप्रेसने विद्यापीठाच्या ग्रंथालयात जायचो, पेन ड्राइव्ह भरून आणायचो. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू झालंय, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स सरकारी संस्थांना खुली आहेत. तुमचं संशोधन केंद्र विद्यापीठाच्या विभागात असेल तर प्रश्न सुटला. खाजगी अनुदानित कॉलेजात असाल तर ग्रंथपालांना विचारून घ्या. तरीही एखादा पेपर अडला तर लेखकाला सरळ मेल करा. मी मागितलेल्यांपैकी बहुतेकांनी दोन-तीन दिवसांत पाठवला.

प्रबंधातला मजकूर वापरायचाच असेल तर कव्हर लेटरमध्ये तसं स्पष्ट लिहा. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढला की सॉफ्टवेअर त्याच्याशी जुळणी दाखवणार, आणि आधी न सांगितलेली जुळणी एडिटरला खटकते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांतली १० टक्के जुळणीची मर्यादा लोक पाठ करून बसलेत, पण एडिटर टक्का बघून थांबत नाही, कोणते परिच्छेद जुळतात तेही बघतो. माझं ऐकाल तर वाक्यं नव्यानेच लिहा.

दुसऱ्याची आकृती घ्यायची तर प्रकाशकाची परवानगी लागते, नुसता संदर्भ पुरत नाही. परवानगी ऑनलाइन मागता येते, बऱ्याचदा फुकट मिळते, पण पावती जपून ठेवा, जर्नल मागतं. त्यापेक्षा मला आवडणारा रस्ता वेगळा आहे: वेगवेगळ्या पेपरांतले बिंदू काढून एकाच आलेखावर स्वतः मांडायचे आणि खाली प्रत्येकाचा संदर्भ द्यायचा. माझ्या लेखातली कमाल फील्ड विरुद्ध चुंबकन ही आकृती अशीच झाली. रेफरींनी तिच्याबद्दलच सगळ्यांत जास्त लिहिलं.

संदर्भांची यादी झोटेरोत (संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर) ठेवा. मागे घेतलेला पेपर असेल तर ते लाल पट्टी दाखवतं, आणि फेराइटच्या साहित्यात असे पेपर आहेत. एआयकडून भाषा सुधारून घेतलीत तर जर्नलच्या नियमाप्रमाणे तसं नमूद करा. संदर्भ मात्र त्याच्याकडून कधीही घेऊ नका, ते अस्तित्वात नसलेले पेपर बेमालूम तयार करतं. प्रत्येक डीओआय (पेपरचा ऑनलाइन ओळख क्रमांक) स्वतः उघडून बघा.

आता राहिला गाइडचा विषय. त्यांना ‘प्रकरण पाठवत नाही’ असं सांगायला जड जातंय, हे तुमच्या प्रश्नात कळतंय. तक्ता घेऊन जा. मी दुसऱ्यांदा सरांकडे गेलो तेव्हा पक्का तक्ता होता, आणि दीड टेस्लाच्या आत मोजलेल्या प्रत्येक नमुन्यापुढे मी फुली मारली होती. त्यांत तीन पेपर आमचेच होते, सरांच्या आणि माझ्या नावाचे. त्या ओळी ठेवू की काढू हे विचारायलाच मी गेलो होतो. सरांनी चष्मा लावून तिन्ही ओळी वाचल्या. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वही माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, “फुली राहू दे. खरं हाय ते.” लेख त्या फुल्यांसकट छापून आला.