तिने विचारलेले ते दोन प्रश्न

(सांगलीतून एका निवृत्त सहकारी बँक अधिकाऱ्यांचं पत्र आलं आहे. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, आतापर्यंत ७१ टक्के. वडिलांच्या मते बँकिंगमध्ये आता राम उरला नाही, सगळं तंत्रज्ञानाच्या हातात गेलं; म्हणून तिने डेटा सायन्सचा कोर्स करावा. फी १ लाख ४४ हजार, दरमहा ६ हजारांचे २४ ‘बिनव्याजी’ हप्ते, कर्ज मुलीच्या नावावर. मुलगी सही करत नाही. ‘तुम्ही तिला समजावून सांगा,’ अशी विनंती आहे.)

नमस्कार,

तुमचं चार पानी पत्र दोनदा वाचलं. मुलीच्या मार्कांची मला काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती ‘आम्ही ठरवलं आहे’ या शब्दांची. पत्रात ते पाच ठिकाणी आहेत. तिला कुठला विषय आवडतो, ती कशात रमते, याबद्दल एक ओळ नाही. तिचं बोलणं एकदाच येतं, तेही तक्रार म्हणून: क्लासचा माणूस घरी आला तेव्हा तिने ‘परक्या माणसासमोर आमची शोभा केली’.

काय केलं तिने? तुम्हीच लिहिलंय. चहाचा कप त्याच्यासमोर ठेवला आणि विचारलं, “फी एकरकमी भरली तर किती?” तो म्हणाला, १ लाख २० हजार. मग तिने दुसरा प्रश्न विचारला, “कर्ज माझ्या नावावर आहे ना, मग की फॅक्ट स्टेटमेंट कुठंय?” ‘ते नंतर मेलवर येतं’ म्हणून त्याने विषय टाळला, आणि तुम्ही मुलीला आत जायला सांगितलंत.

मी हिशोब मांडून बघितला. रोखीने १ लाख २० हजारांचा कोर्स हप्त्यांनी १ लाख ४४ हजारांना पडतो, शिवाय ४ हजार प्रोसेसिंग फी सुरुवातीलाच जाते. म्हणजे खरं कर्ज १ लाख १६ हजारांचं आणि फेड १ लाख ४४ हजारांची. वर्षाला २१ टक्क्यांच्या वर व्याज बसतं. याला बिनव्याजी म्हणत नाहीत. आणि तिने मागितलेला कागद तिच्या हक्काचा आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्ज देताना सगळे खर्च धरून वार्षिक दर किती पडतो, ते सही घेण्याआधी या कागदावर लिहून दाखवायचं, असं रिझर्व्ह बँकेचं बंधन आहे. अजून पदवी हातात नसलेल्या पोरीला हे ठाऊक होतं. २७ वर्षं बँकेत काढलेल्या वडिलांना तो उद्धटपणा वाटला. मला हे फार लागलं, म्हणून स्पष्ट लिहिते आहे. तुमची विनंती मला मान्य करता येणार नाही. त्या कर्जावर सही करू नका, तिलाही करायला लावू नका.

तुमचं दुःख मला समजतं. बँकेवर निर्बंध आले, ठेवीदार शाखेच्या पायऱ्यांवर येऊन बसले, आणि त्यांना रोज तोंड द्यायला काउंटरमागे तुम्ही होतात. ‘कॉम्प्युटरने बँक खाल्ली’ असं तुम्ही लिहिता. पण तिसऱ्या पानावर तुम्हीच सांगता, की एका मोठ्या कर्जाच्या तारणाचं मूल्यांकन फुगवलेलं आहे अशी टिपणी तुम्ही फाईलला लावली होती आणि ती वरच्यांनी काढायला लावली. बँक अशा कर्जांनी गेली. त्या दिवशी तुम्ही जे केलंत तेच तुमच्या लेकीने परवा चहाच्या टेबलावर केलं. तुमच्या वेळी टिपणी दाबणारे दुसरे होते. या वेळी ते काम तुमच्या हातून होतंय.

आता तुमचा मुख्य गैरसमज: ‘सगळं ॲप करतं, नियमही सॉफ्टवेअरच पाळतं, कॉमर्सवाल्याला काम उरलं नाही.’ तुमच्या डोळ्यांदेखत काय घडलं ते आठवून बघा. १९९२चा घोटाळा झाला तेव्हा बँकांचे रोख्यांचे व्यवहार कागदी पावत्यांवर चालत, आणि मागे रोखे नसतानाही पावत्या फिरल्या. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीला त्याच वर्षी कायद्याने अधिकार मिळाले. १९९४ला नॅशनल स्टॉक एक्सचेंजने सौदे स्क्रीनवर आणले, १९९६च्या डिपॉझिटरी कायद्याने शेअर डिमॅटमध्ये, म्हणजे कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक खात्यात गेले, आणि जानेवारी २०२३पासून शेअरचे सौदे साधारणपणे पुढच्या कामकाजाच्या दिवशी पुरे होतात. खोट्या शेअर सर्टिफिकेटांचा धंदा त्यात बसला. पण चोरांनी नवी वाट काढली. ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला आणि तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले, बरेचसे परदेशातल्या एटीएममधून. पुढच्या वर्षी रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी, त्यांच्या डिजिटल व्यवहारांच्या आवाक्यानुसार, सायबर सुरक्षेचे टप्पेवार नियम काढले. ते नियम वाचायचे, आपल्या बँकेला कुठला टप्पा लागू होतो ते ठरवायचं, शाखेत ते पाळले जातात का हे बघायचं, तपासणी आली की उत्तर द्यायचं. हे कोण करतं? माणसंच करतात. यंत्र वाढलं तसं हे काम वाढत गेलं.

जवळचं उदाहरण देते. एका खात्यात सहा महिने फारशी हालचाल नाही आणि अचानक तीन आठवड्यांत ८० लाख येऊन लगेच बाहेर गेले. सॉफ्टवेअर त्यावर खूण करतं आणि थांबतं. पुढचं माणसाने बघायचं. खातं मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्याचं असेल, महिना मार्चचा असेल आणि पैसे शेतकऱ्यांच्या खात्यांत गेले असतील, तर तो हंगाम आहे. तेच खातं एखाद्या कॉलेजच्या पोराचं असेल आणि रकमा तीस अनोळखी लोकांकडून यूपीआयने आल्या असतील, तर कुणीतरी त्याचं खातं भाड्याने घेतलंय. मग त्याचा अहवाल दिल्लीच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे जातो. लांबच्या शहरात बसलेल्या मुलाला हळदीचे सौदे कधी सुरू होतात हे माहीत नसतं. तुमच्या मुलीला ते न शिकवता माहीत आहे. हरिपूरच्या पेवांत, जमिनीखालच्या कोठारांत हळद असायची तेव्हा शब्दावर व्यवहार चालायचे. आज गोदामाची इलेक्ट्रॉनिक पावती निघते, ती तारण ठेवून बँक कर्ज देते, हळदीचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदेबाजारात होतात आणि २०१५पासून त्या वायदेबाजारावर सेबीची नजर आहे. नियम आणि तंत्रज्ञान आपल्या यार्डापर्यंत आलेलं आहे.

घरी बसून मोबाईलवर, शेअर बाजारातल्या ‘ऑप्शनमध्ये कमावणाऱ्या’ पुतण्याशी तिची तुलना कृपया थांबवा. सेबीनेच २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांचा हिशोब काढला, त्यात वायदे आणि ऑप्शन करणाऱ्या दर १०० जणांपैकी ९३ जण तोट्यात होते. पुतण्याला पूर्ण वर्षाचं स्टेटमेंट मागा.

आयबीपीएस, स्टेट बँक, रिझर्व्ह बँक ग्रेड बी या परीक्षा पदवीनंतर तिला द्यायच्या असतील तर द्याव्यात. सेबीच्या ग्रेड ए परीक्षेला नुसतं बी.कॉम. पुरत नाही, हे लक्षात असू द्या.

त्याआधी एक करता येईल. सांगली-मिरजेत बँक शाखांचं कॉन्करंट ऑडिट, म्हणजे व्यवहार चालू असतानाच तपासणी करणारे सीए आहेत. परीक्षा संपली की तीन महिने तिला अशा एखाद्या ऑफिसात बसू दे. पैसे नावापुरते मिळतील. केवायसीच्या फायली, तारणाचे कागद, थकलेले हप्ते हे सगळं हाताखालून जाईल आणि हे काम आपल्याला मानवतं का ते तिचं तिला कळेल. मानवलं, तर सेबीच्या एनआयएसएम या संस्थेची कम्प्लायन्सची (नियमपालनाची) परीक्षा आणि बँकिंगचं शिक्षण देणाऱ्या आयआयबीएफचा केवायसी व मनी लाँडरिंग प्रतिबंधाचा अभ्यासक्रम आहे. लांबचा पल्ला गाठायचा असेल तर कंपनी सेक्रेटरी. सोबत एक्सेल पक्कं करावं आणि एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा शिकावी. त्याला दीड लाख लागत नाहीत. डेटा सायन्सची तिला स्वतःला ओढ असेल तर तेही जरूर करावं, मात्र तसं तिने म्हटल्याचं तुमच्या पत्रात कुठेच नाही. मी तिला भेटलेली नाही. दोन प्रश्नांवरून अंदाज बांधते आहे, तो चुकूही शकेल.

पहिली नोकरी बहुधा पुण्या-मुंबईत लागेल. ‘मुलीला लांब कशाला’ हे वाक्य पत्राच्या शेवटी आहे. त्यावर घरात आत्ताच बोलून घ्या, आणि ती असताना बोला.

सवलत रविवारपर्यंतच आहे, असं क्लासवाल्याने सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. म्हणजे रविवारी त्याचा फोन येईल. तो तिला घेऊ द्या. ती बोलत असताना तुम्ही शेजारी बसा, आणि तुमच्या त्या टिपणीची गोष्ट तिला अजून सांगितली नसेल, तर फोन ठेवल्यावर सांगा.