प्रेमात पडलं की स्वातंत्र्य जातंच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय एकतीस, स्वतःचं कमावता, एकट्या राहता, छान चाललंय. आता एक जण मनापासून आवडलाय आणि तुम्ही पळ काढायच्या बेतात आहात.

पळ काढण्याचा मला अनुभव आहे. दोनदा काढलाय. तिसऱ्यांदा थांबले, तेही कौतुक करावं असं काही नाही, दमले होते म्हणून.

रविवारी पहाटे उठून एकटीनं लांब चालायला जाणं ही माझी कित्येक वर्षांची सवय. तो आयुष्यात आल्यावर महिनाभरात ती सुटली. मग मी धुसफुसायला लागले, याच्यामुळे माझं सगळं गेलं म्हणून. एकदा भांडणात तेच तोंडावर फेकलं. तो गोंधळून म्हणाला, "मी कधी नको म्हणालो?" खरंच म्हणाला नव्हता. त्याला वाईट वाटेल हे मीच ठरवलं होतं, आणि सवयही मीच मोडली होती. मागितलं कुणी नाही, देऊन मोकळी मी, आणि वर हिशेब त्याच्या नावावर! आपल्याला लहानपणापासून हेच प्रेम म्हणून शिकवलेलं असतं, त्यामुळे चूक पटकन दिसतही नाही.

मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी साधारण वर्षभराच्या मुलांचं निरीक्षण केलं होतं. आई खोलीत असली की मूल तिच्यापासून लांब, खेळण्यांकडे जातं. ती बाहेर गेली की बऱ्याच मुलांचा खेळच थंडावतो. १९८७ साली हेझन आणि शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी जवळिकीचा हा विचार मोठ्यांच्या प्रेमसंबंधांना लावून पाहिला. मला यातलं एवढंच भिडलं की पाठीशी भरवशाचं माणूस असेल तर पाय जास्त लांब जातात. मी आधी नेमकं उलटं धरून बसले होते.

अर्थात माणूस भरवशाचा हवा. ते कळायला वर्षं लागत नाहीत. एक छोटासा नकार देऊन बघा. "या शनिवारी नको, मला एकटीला राहायचंय" एवढंच, कारण न देता. थोडा हिरमुसला तर हिरमुसू द्या, तो त्याचा हक्क आहे. पण दोन दिवस अबोला धरला, टोमणे मारले किंवा तुम्हालाच माफी मागायला लावली, तर तुमची पळ काढायची इच्छा शहाणी आहे, तिचं ऐका.

पैशाचं खातं मात्र स्वतंत्रच ठेवा. यावर मी वाद घालत नाही.

आणि त्याच्याही रविवारांचं काय, हे विचारा. मी विचारायला फार उशीर केला. त्यानंही माझ्यासाठी मित्रांकडे जाणं सोडलं होतं, मला न सांगताच.

आता मी पहाटे निघते तेव्हा तो झोपेतच म्हणतो, "दार ओढून घे."