रागीट माणसाच्या उशाशी बसताना

ताई, उद्यापासून तुम्ही नागपुरात महाल भागातल्या त्या शेवटच्या दुखण्यातल्या काकांच्या सोबतीला जाणार, म्हणून लिहितोय.

आधी दुखणं बघा, नाती नंतर. वेदनेने पिळवटलेल्या माणसाला माफीबिफी सुचत नाही. मॉर्फिन या जबर वेदनाशामकाची साधी गोळी जेमतेम 4 तास पुरते, म्हणून ती कळ उठायची वाट न बघता घड्याळ लावून द्यायची. अमली पदार्थांच्या कायद्यातल्या 2014 च्या दुरुस्तीचा एक हेतूच ती रुग्णांना सहज मिळावी हा होता. सवय लागेल म्हणून घरचे घाबरतात. त्यांना डॉक्टरांशी बोलायला लावा. सोबत पोट साफ होण्याचं औषध हवंच.

मग बसा. "आता तरी राग सोडा" असं चुकूनही म्हणू नका. जन्मभर त्याच आधारावर उभा राहिलाय तो माणूस. "कोणाची आठवण येते?" एवढंच विचारा आणि गप्प राहा.

मागच्या हिवाळ्यात इतवारीतल्या एका आजोबांनी असंच भावाचं नाव घेतलं. सामायिक भिंतीवरून 18 वर्षं अबोला होता. मी फोन लावून दिला. भाऊ आला, पिशवीतून संत्रं काढलं, एकेका फोडीची साल सोलून, बिया काढून भरवत राहिला. माफीचा शब्द दोघांच्याही तोंडून निघाला नाही. आजोबांनी फक्त त्याचं मनगट धरून ठेवलं होतं.

काकांचा मुलगा मात्र येईलच असं धरून चालू नका. मार त्याने खाल्लाय. त्याला भीड घालू नका. काकांना बोलायचं असेल तर चिठ्ठी लिहून घ्या, त्यांच्याच शब्दांत, शिवीसकट. माझ्या वडिलांची अशी चिठ्ठी माझ्याकडे नाही, ताई. वही सोबत न्या.